राणीच्या डब्याचं झाकण

यंत्र बंद पडलं की मेंटेनन्सवाला पहिला प्रश्न विचारतो, "कोणी हात लावला होता का?" नगरच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं मी हा प्रश्न विचारत आलो. समोरचा "नाही" म्हणाला की तो खोटं बोलतोय असं धरून चालायचं, आणि निम्म्या वेळा ते खरंही निघायचं. कोणीतरी स्क्रू पिळलेला असायचा, कोणीतरी सेन्सरवर फडकं टाकून ठेवलेलं असायचं. आमच्या धंद्यात संशयाला कोणी खोड म्हणत नाही, अनुभव म्हणतात. निवृत्त झालो तेव्हा हा अनुभव माझ्याबरोबर घरी आला. बायको म्हणते, दुधाची पिशवी गळाली तरी मी आधी तिच्याकडे बघतो.

आमच्या कारखान्यात पशुखाद्याची पोती भरणारी यंत्रं तयार व्हायची. वरच्या हौदातून खाद्य खाली येतं, काटा वजन करतो, ठरलेला भार झाला की झडप बंद होते आणि पोतं शिवून बाहेर पडतं. माझा सगळा जन्म काटे आणि झडपा यांच्यात गेला. कुत्र्यांच्या नादाला लागलो तो मुलीमुळे. ती सावेडीला राहते, तिच्याकडे दोन कुत्री. एक दोघांचं खायचा आणि दुसरा बघत बसायचा. नवराबायको दोघंही दिवसभर नोकरीवर. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुमचं पोत्यांचं मशीन लहान करून द्या ना यांना."

मी हसलो, पण आठवडाभरात कागदावर रेघोट्या मारायला लागलो. एकच कुत्रा असेल तर असल्या यंत्राची गरज नसते. भांडं भरून ठेवा, तो खाईल. दोनाची तीन, तीनाची पाच झाली की जेवणाच्या वेळी घरात राजकारण सुरू होतं. कोणी दांडगाई करतो, कोणी गुपचूप येतो, कोणी उपाशी राहूनही कुरकुर करत नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र डबा दिला. कुत्र्याच्या गळपट्ट्यात नाण्याएवढा बिल्ला. त्यानं डब्याजवळ मान नेली की आतली तांब्याच्या तारेची कॉइल बिल्ल्याचा नंबर वाचते. नंबर आपला असेल तरच झाकण उघडतं. ठरल्या वेळी वरच्या कप्प्यातून मोजून खाद्य भांड्यात पडतं, भांड्याखाली काटा. जेवणाआधी किती होतं आणि नंतर किती उरलं, ही वजाबाकी मालकाच्या मोबाईलवर जाते. ताट साफ झालं असेल तर त्या कुत्र्याच्या नावापुढे हिरवी खूण.

सगळ्यात जास्त डोकं मी झाकणावर चालवलं. खाता खाता झाकण नाकावर आदळलं, तर ते कुत्रं जन्मात परत डब्याकडे फिरकणार नाही. म्हणून भांड्याच्या काठावर एक सेन्सर बसवला. भांड्यात तोंड आहे तोवर झाकण उघडं. तोंड निघालं की अर्ध्या मिनिटानं बंद. ही सोय मला इतकी आवडली होती की येईल त्याला मी ती स्वतःचा हात घालून दाखवायचो.

कुत्री पाळणारी माणसं एकमेकांशी फार बोलतात. वर्षभरात नगर, श्रीरामपूर, संगमनेर अशी मिळून बरीच घरं झाली. श्रीरामपूरला एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, तीन कुत्री. त्यांचा दर दोन दिवसांनी फोन. "तुमच्या डब्यातून चोरी होतेय. झाकण बंद असताना पाच-सहा ग्रॅम कमी होतात." त्यांचा संशय आधी शेजाऱ्यांवर होता, मग कामवालीवर आणि शेवटी माझ्यावर. मी जाऊन डबा उघडला तर बिजागरीच्या फटीतून मुंग्यांची रांग. पाच ग्रॅम खाद्य त्यांनी कण कण करून नेलं होतं, आणि माझ्या काट्यानं ते पकडलं होतं! ही गोष्ट मी पुढे इतक्या जणांना सांगितली की बायको तो विषय निघाला की उठून आत जायची.

राहात्याचं काम मला त्याच दिवसांत मिळालं.

राहात्याच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवर भास्कररावांची पेरूची बाग आहे. त्यांना सगळे दादा म्हणतात. वय पंचाहत्तरीच्या आसपास, गुडघे गेलेले, बायको वारलेली. मुलगा समीर बंगळूरला कंपनीत. बागेत राखणीला पाच कुत्री. त्यांतली राणी सगळ्यांत म्हातारी, तेरा वर्षांची, गावठीच, पण दादांच्या बायकोनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. त्या गेल्यावर राणी दादांच्या खाटेखाली झोपायला लागली. तिला आता धड दिसत नव्हतं, दात निम्मे पडले होते आणि डॉक्टरांनी किडनीचं दुखणं सांगितलं होतं. तिला वेगळं खाद्य, तेही मोजून. आणि याउलट टायगर. समीरनं बंगळूरहून आणलेला, दोन वर्षांचा, वासराएवढा. त्याला काहीही चालायचं आणि सगळ्यांचं चालायचं.

कुत्र्यांचं सगळं बघायची कांता. ती आणि तिचा नवरा विठ्ठल मूळचे शेवगावकडचे. बऱ्याच वर्षांपूर्वी ऊसतोडीला या भागात आले आणि दादांच्या बागेत कामाला राहिले. बागेच्या कडेला त्यांची दोन खोल्यांची जागा होती, दारात कोंबड्यांचं खुराडं.

मी डबे बसवत होतो तेव्हा कांता पाठीमागं येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "साहेब, हे मशीन कुत्र्यावर ध्यान ठेवायला हाय का माझ्यावर?"

"कुत्र्यांवर," मी म्हणालो.

"आन ह्यातलं कळतं कुणाला?"

"समीरला. मोबाईलवर."

"मंग माझ्यावरच," ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

मला राग आला होता. आपण एवढं चांगलं यंत्र करावं आणि माणसानं त्यात भलतंच बघावं! पण तिचं अगदीच चुकत नव्हतं. समीरनं मला फोनवर सांगितलंच होतं, "काका, मला तिथल्या कोणाच्या भरवशावर राहायचं नाहीये." त्याला ओट्यावर कॅमेरेही बसवायचे होते, पण दादांनी साफ नकार दिला. "माझ्या घरात मीच चोरावानी वावरू का?" म्हणाले.

पहिले दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मे महिन्यात समीरचा फोन आला, राणीचं झाकण उघडत नाही. मी गेलो. राणीला दिसत नसल्यानं ती वाकडी मान करून डब्याकडे यायची आणि बिल्ला दुसऱ्याच बाजूला राहायचा. बिल्ला चार बोटांच्या आत आला तरच नंबर वाचला जाईल अशी माझी मूळ रचना होती. मी पिशवीतली मोठी कॉइल काढली आणि राणीच्या डब्याला बसवली. आता हातभर अंतरावरून बिल्ला वाचला जाणार होता. राणी नुसती जवळ आली तरी झाकण उघडलं. दादा खूश. मला त्याच दिवशी श्रीरामपूरला एका लग्नाला जायचं होतं. दहा मिनिटांत काम उरकून मी निघालो.

कारखान्यात साधा बोल्ट बदलला तरी वहीत लिहावं लागायचं, काय बदललं, का बदललं, त्यानंतर काय तपासलं. घरच्या धंद्यात कसली वही! ती कॉइल मी कुठंही लिहिली नाही आणि पंधरा दिवसांत विसरूनही गेलो.

जुलैत पुन्हा जाणं झालं, एका डब्याची वायर उंदरांनी कुरतडली म्हणून. राणी मला वाळलेली वाटली. मी समीरला फोन लावला. तो म्हणाला, "रोज हिरवी खूण येतेय काका. दोन्ही वेळा ताट साफ."

मी सामान भरत होतो, तेव्हा कांता आली. दादा आत आहेत ना, हे तिनं आधी पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, राणीला न्हाई मिळत. झाकन उघडतं तिच्यासाठी, पन खातंय टायगर."

"कसं शक्य आहे?" मी म्हणालो. "टायगरचा नंबर वेगळा आहे. त्याला ते झाकण उघडणारच नाही."

"नंबराचं मला कळत न्हाई. मी डोळ्यानं बगते."

"मी आहे ना इथं तासभर. मला तर काही दिसलं नाही."

"तुमी असल्यावर न्हाई करत तो. दादांच्या हातात काठी असती, त्यांच्यापुढं बी न्हाई करत."

मला वाटलं, आता कुत्राही माणसं बघून वागतो म्हणतेय! माझ्या मनात पहिल्या दिवसाचं तिचं बोलणं होतं. यंत्र आल्यापासून तिला ते नको आहे, म्हणून ती खोट काढतेय, असं मी ठरवून टाकलं. कारखान्यात नवं यंत्र आलं की जुने कामगार असंच करायचे. मी बसस्टँडवर आलो तोवर तिचं बोलणं डोक्यातून गेलंही होतं.

ऑगस्टमध्ये समीर सुट्टीवर आला आणि त्यानं मला बोलावून घेतलं. ओट्यावर सगळे होते. दादा खुर्चीत, विठ्ठल खांबाला टेकून, कांता खाली पायरीवर. राणी दादांच्या पायाशी पडलेली, बरगड्या मोजता येतील अशी. समीरनं राणीच्या खाद्याचं पोतं काट्यावर चढवलं होतं.

"काका, मशीननं आजवर राणीला जेवढं वाढलं ते मोबाईलमध्ये आहे," तो म्हणाला. "त्या हिशेबानं पोत्यात जे उरायला पाहिजे, त्यापेक्षा चार किलो कमी आहे. आणि हे बघा."

त्यानं मूठ उघडली. राणीच्या खाद्याचे दाणे होते, मातीत मळलेले. "कोंबड्यांच्या खुराड्यापाशी सापडले."

कांता उठून उभी राहिली. "मी कोंबड्यास्नी न्हाई घातलं. राणीला चारलं. तिला मशीनीतलं मिळत न्हाई म्हनून हातानं भिजवून चारत हुते."

"डॉक्टरांनी हातानं काही द्यायचं नाही सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं. पर ती उपाशी ऱ्हाती, मी काय करू?"

समीर ओरडला नाही. तो ओरडणाऱ्यांतला नाही. शांतपणे तिला मोबाईल दाखवत म्हणाला, "हे बघा, रोज दोन्ही वेळा तिनं पूर्ण खाल्लंय. त्यावर तुम्ही आणखी चार किलो चारलं म्हणता. मग ती जाड व्हायला पाहिजे होती. वाळली कशी?"

समीर माझ्याकडे वळला. "काका, वजन चुकू शकतं का?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. विठ्ठलसुद्धा. आणि मी, देवाशपथ सांगतो, त्या वेळी श्रीरामपूरच्या मुंग्यांची गोष्ट सांगितली. पाच ग्रॅम जरी गेलं तरी माझा काटा पकडतो, म्हणालो. यंत्र खोटं बोलत नाही, असंही म्हणालो.

"आन टायगर?" कांतानं मला विचारलं. "मी तुमाला सांगितलं हुतं का न्हाई?"

"चला, बघू," मी म्हणालो. टायगरचा गळपट्टा धरून मी त्याला राणीच्या डब्यापाशी नेलं, त्याची मान डब्याला लावली. झाकण हललं नाही. दोनदा करून दाखवलं, तीनदा दाखवलं. राणी तेव्हा लांब ओट्यावर पडलेली होती.

कांता त्या बंद झाकणाकडे बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "चला."

दादांनी तोंड उघडलं नव्हतं. आता म्हणाले, "कांते, थांब जरा." पण त्यांचा आवाज तिच्यापर्यंत गेला की नाही कोण जाणे. समीर म्हणाला, "दादा, पुरावा समोर आहे." तासाभरात कांतानं कोंबड्यांचे पाय बांधून त्या पाटीत घातल्या, विठ्ठलनं वळकट्या बांधल्या, आणि दोघं रस्त्याला लागली. मला समीरनं चहा दिला. तो मी प्यालो.

तीन आठवड्यांनी दादांचा फोन आला. "मिस्तरी, राणी उठंना झाली."

"खाते का?"

"तुमचं मशीन म्हनतंय सगळं खाती. समीरनं माझ्या बी मोबाईलवर लावून दिलंय. आता हितं कांता न्हाई, विठ्ठल न्हाई. मी एकटाच हाय. उद्या समीर म्हनंल, म्हातारा कुत्रीचं खातोय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी राहात्याला गेलो. बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कांता खाद्य चोरत असती, तर ती गेल्यावर राणी सुधारायला हवी होती. ती जास्तच वाळली. म्हणजे जे काही राणीच्या पोटात जात होतं, ते कांताबरोबर गेलं होतं.

पोचल्यावर मी पहिल्यांदा डब्यातलं मेमरी कार्ड काढून माझ्या मोबाईलला लावलं. मोबाईलवर फक्त वजन आणि हिरवी खूण जाते, कारण समीरला पडदा सुटसुटीत हवा होता. कार्डात मात्र झाकण किती वाजता उघडलं, किती वाजता मिटलं, सगळं साठतं. ते मी कधी उघडून बघितलंच नव्हतं. एप्रिलमध्ये राणीला एक ताट संपवायला दहा-अकरा मिनिटं लागत होती. निम्मे दात पडलेल्या म्हातारीला तेवढी लागणारच. जूनपासून तेवढंच ताट दीड मिनिटात संपत होतं. रोज, दोन्ही वेळा. ही नोंद ऑगस्टमध्ये मी ओट्यावर बसून पाच मिनिटांत काढू शकलो असतो.

पाच वाजताच्या जेवणाची वेळ होत आली होती. मी दादांना खोलीत बसायला सांगितलं आणि स्वतः पेरूचे क्रेट ठेवायच्या खोलीत शिरलो. खिडकीच्या फळीला फट होती. तिथून डबे दिसत होते.

बरोबर पाचला डब्यांत खाद्य पडल्याचा आवाज झाला. टायगरनं आपल्या डब्यातलं घाईनं संपवलं. मग तो ओट्यावर गेला आणि राणीला खांद्यानं ढकलायला लागला. ती उठली, अडखळत डब्याकडे चालली. तो तिच्या मागं होता, गुरं हाकल्यासारखा. ती डब्यापासून हातभर लांब असतानाच झाकण उघडलं. माझी मोठी कॉइल! टायगर पुढं झाला, तिच्याकडे वळून फक्त एकदा गुरगुरला. ती जागच्या जागी थांबली. त्यानं भांड्यात तोंड घातलं. आणि भांड्यात तोंड होतं म्हणून माझ्या आवडत्या सेन्सरनं झाकण उघडं धरून ठेवलं. कोणाचं तोंड आहे हे विचारायची सोय मी त्यात केलीच नव्हती. दीड मिनिटात भांडं साफ झालं. दादांचा मोबाईल आतल्या खोलीत वाजला. हिरवी खूण आली होती.

मी बाहेर पडणार होतो, पण राणी चालायला लागली म्हणून थांबलो. ती भिंतीला अंग घासत बागेच्या कडेला गेली, कांताच्या दाराशी. खुराडं रिकामं होतं. त्याच्या बाजूला ती बसली आणि बंद दाराकडे तोंड करून राहिली. मी जवळ गेलो. खुराड्यामागे एक जर्मनची थाळी पालथी पडलेली होती. उचलून बघितली, आत भिजलेलं खाद्य वाळून चिकटलेलं होतं.

मागून दादा काठी टेकत आले होते. थाळी त्यांनी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट केली.

"रोज जायची ती हितं," ते म्हणाले. "मी बगितलं हुतं एक-दोनदा. कांता तिला चारायची."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"पोरगं म्हनलं पुरावा हाय. तुमी म्हनले मशीन खोटं बोलत न्हाई. मला वाटलं, मलाच दिसायचं कमी झालं आसंल."

त्या संध्याकाळी मी कॉइल बदलली, झाकणाची रचना बदलली. बिल्ला दूर गेला की आत तोंड कोणाचंही असो, झाकण आता हलक्या हातानं खाली येतं. डब्याच्या दोन्ही बाजूंना, गव्हाणीला असतात तशा, एकाच कुत्र्याची मान मावेल एवढ्या फळ्या ठोकल्या. मोबाईलवर आता वजनाबरोबर मिनिटंही दिसतात. जिथं जिथं माझे डबे होते तिथं पदरमोड करून जाऊन हे बदल करून आलो. पण राणी त्या डब्यातलं पुन्हा जेवली नाही. दादाच तिला हातानं भरवायला लागले.

समीरला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादांना सांगतो, त्यांना परत बोलावून घ्या म्हणून." निरोप गेला, पण उत्तर आलं नाही. दुसरा निरोप विठ्ठलच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवला. तो परत आला आणि म्हणाला, "येत न्हाईत. ऊसतोडीच्या टोळीत नाव दिलंय. दसरा झाला की जातील कोयता घेऊन."

या सगळ्यात माझं काम संपलं होतं, असं म्हणायला हरकत नव्हती. दोष सापडला, दुरुस्त केला. कारखान्यात एवढ्यावर दुरुस्तीचं जॉब कार्ड बंद व्हायचं. पण मला झोप लागेना. तिला घालवलं समीरनं, हे खरं, पण ज्या वाक्यावर घालवलं ते वाक्य माझं होतं. शेवटी एक कागद लिहिला, खाली सही केली, आणि शेवगावची गाडी पकडली. तिथून पुढं सहा आसनी रिक्षा.

गावाच्या कडेला त्यांचं पत्र्याचं घर. कांता दारात बाजरी निवडत होती. मला बघून ती उठली नाही.

"राणी हाय का?" तिनं विचारलं.

"आहे. दादा हातानं भरवतात."

"कोमट पान्यात भिजवतात का?"

"हो."

"लई येळ भिजवून ठिवू नका म्हनावं. लगदा झाला की तोंड लावत न्हाई ती."

मी हो म्हणालो. विठ्ठल आतून पाणी घेऊन आला. मी जे बघितलं ते सगळं सांगितलं. टायगर तिला कसा हाकून आणतो, झाकण का उघडतं, थाळी कुठं सापडली. कांता ऐकत होती, हात बाजरीत चालू होता. माझं संपल्यावर म्हणाली, "हे मला माहीत हाय. मीच तुमाला सांगितलं हुतं."

मी म्हणालो, "दादा आणि समीर परत बोलवतात. चला."

"न्हाई. तितं माझ्यावर ध्यान ठेवायला मशीन लागत असंल, तर मी नगं." थोडं थांबून म्हणाली, "हितं बी लोक काय म्हनत्यात ते तुमाला ठावं न्हाई. कुत्र्याच्या पोत्यातलं चोरलं म्हनून हाकलली. टोळीतल्या बाया भाकरीचं फडकं बी माझ्यापासून सरकवून ठेवत्यात."

मी खिशातला कागद काढून दिला. कांता सातवी शिकलेली होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "यंत्रातील तांत्रिक दोषामुळे नोंदी चुकीच्या आल्या. त्यामुळे सौ. कांता यांच्यावर घेतलेला संशय निराधार होता." एकतीस वर्षं मी असेच रिपोर्ट लिहीत आलो होतो.

"दोष कुनाचा?" तिनं विचारलं.

"यंत्राचा."

"यंत्र कुनी केलं?"

विठ्ठल म्हणाला, "आगं, जाऊ दे आता."

"जाऊ कसं दे? नाव माझं लिवलंय ह्यात. चुकलं कोन, त्याचं बी नाव पायजे."

मी पेन काढलं. "यंत्रातील तांत्रिक दोषामुळे" यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, "माझ्या चुकीमुळे." मग माझं पूर्ण नाव. आणि खाली आणखी एक ओळ, की कांताबाईंनी मला हे आधीच सांगितलं होतं, मी त्यांचं ऐकलं नाही.

तिनं ते पुन्हा बोट ठेवून वाचलं. मग विठ्ठलला म्हणाली, "बायास्नी बोलवा. मुकादमालाबी."

दहा-बारा माणसं जमली. टोळीतल्या बाया, तिची सासू, मुकादम, रस्त्यानं जाणारे दोन-चार. कांतानं कागद माझ्या हातात दिला. "तुमीच वाचा. तुमच्या तोंडानं ऐकू द्या."

उन्हात उभं राहून मी वाचायला लागलो. माझं नाव आलं तेव्हा आवाज आपोआप खाली गेला आणि तो शब्द मी पटकन उरकून पुढं गेलो. वाचून संपलं. मागं उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, "कुनाची चूक म्हनला?"

कांता माझ्याकडे बघत होती. "परत वाचा," ती म्हणाली. "त्येवढंच. जरा मोठ्यानं."

मी परत वाचलं.